आगमनकाळ आणि उदरातले बाळ : नाताळाच्या निमित्ताने काही ख्रिस्ती विचार

उत्तरवसई (धागाकर्ता) :

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या चार आठवड्यांतला, तिसरा आठवडा सुरू आहे. आमच्या चर्चमधला गोठा तयार झाला आहे. मेंढपाळ, गाय-बैल, मरिया आणि योसेफ आपापल्या जागी आहेत, पण गव्हाण रिकामी आहे, कारण बाळ येशूची मूर्ती २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत तिथे ठेवली जाते. या दिवसांत सगळी ख्रिस्तसभा दिवस भरत आलेल्या एका स्त्रीच्या सोबतीने वाट पाहत असते, आणि तरीही नाताळावरच्या आपल्या लेखनात त्या गरोदरपणाविषयी फारच थोडे लिहिले जाते. दुसरीकडे, न जन्मलेल्या बाळाच्या जिवाचे मोल हा विषय निघाला की तो कायद्याचा किंवा राजकारणाचा समजून त्यावर वाद घातला जातो. या दोन गोष्टींचे नाते ख्रिस्ती श्रद्धेच्या अगदी गाभ्यातले आहे असे मला वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवपुत्राने मानवी देह धारण केला तो नासरेथमध्ये, गब्रिएल दूताच्या निरोपाला मरियेने होकार दिला त्या क्षणी. नासरेथच्या बॅसिलिकेतील गुहेत जी वेदी आहे, तिच्यावर शब्द येथे देह झाला अशा अर्थाचे लॅटिन वचन कोरलेले आहे. बेथलेहेममध्ये मेंढपाळांनी त्याला पाहिले तेव्हा त्याला माणूस होऊन नऊ महिने झालेले होते. उपासनेच्या दिनदर्शिकेत हा हिशेब फार काळजीपूर्वक सांभाळलेला दिसतो. देवदूताच्या निरोपाचा सण २५ मार्चला आणि नाताळ २५ डिसेंबरला येतो. ३५४ सालच्या रोमन दिनदर्शिकेत ख्रिस्तजन्माची नोंद २५ डिसेंबरलाच आहे. आधी कोणती तारीख ठरली आणि तिच्यावरून कोणती काढली गेली, याविषयी अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत, परंतु दोन्ही सण गर्भावस्थेच्या पूर्ण कालावधीने एकमेकांना जोडलेले आहेत, हे दोन्ही बाजूंना मान्यच आहे. मरियेच्या बाबतीतही तसेच आहे. ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त असते ते तिच्या निष्कलंक गर्भसंभवाचे, म्हणजे मरिया स्वतः आपल्या आईच्या उदरात आली त्या क्षणाचे, आणि बरोबर नऊ महिन्यांनी, ८ सप्टेंबरला, तिचा जन्मदिवस येतो, ज्याच्या निमित्ताने वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा भरते. ख्रिस्ती दिनदर्शिका जन्माइतकाच गर्भसंभवाचाही सण करते, याचा अर्थ आपण कधी नीट लक्षात घेतला आहे का?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो लूकच्या शुभवर्तमानातला पहिला अध्याय. देवदूताचा निरोप मिळाल्यावर मरिया लगबगीने यहुदाच्या डोंगराळ भागात आपल्या नातलग एलिझाबेथकडे जाते. परंपरेने ते गाव आजच्या जेरुसलेमजवळचे एन करेम मानले जाते, म्हणजे नासरेथपासून सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास झाला. एलिझाबेथला सहावा महिना आहे. मरियेच्या उदरातला गर्भ तर जेमतेम काही दिवसांचा असेल. आजच्या भाषेत सांगायचे तर सोनोग्राफीतही तो दिसला नसता. मरियेने दारात येऊन विचारपूस करताच एलिझाबेथच्या उदरातले बाळ आनंदाने उसळते, आणि ती वयस्कर बाई या तरुण मुलीला 'माझ्या प्रभूची आई' असे संबोधते. ख्रिस्ताला या जगात पहिल्यांदा ओळखले ते एका न जन्मलेल्या बाळाने, असे शुभवर्तमानकार सांगत आहे. १९७९ साली मदर तेरेसा यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा डिसेंबरातच ऑस्लो येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी नेमका हाच प्रसंग सांगितला होता आणि त्यानंतर गर्भपाताविषयी त्या अतिशय परखडपणे बोलल्या होत्या.

आद्य ख्रिस्ती मंडळींनी या श्रद्धेतून आचाराचा नियमही लवकरच काढला. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या 'दिदाखे' या छोट्या ग्रंथात गर्भपात करू नये आणि जन्मलेल्या अर्भकाचाही जीव घेऊ नये, अशी दोन्ही आज्ञा एका दमात दिलेली आहे. ज्या रोमन समाजात नको असलेले मूल उघड्यावर टाकून देणे हा बापाचा अधिकार मानला जाई, त्या समाजात ही शिकवण वेगळी उठून दिसणारी होती. सातव्या शतकात मॅक्सिमस कन्फेसर या धर्मपंडिताने तर सरळ असा युक्तिवाद केला की, ख्रिस्त पाप सोडून सर्व बाबतीत आपल्यासारखा झाला आणि तो गर्भसंभवाच्या क्षणापासून पूर्ण मनुष्य होता. त्या अर्थी आपणही त्या क्षणापासूनच देह आणि आत्मा दोन्ही असलेली माणसे आहोत.

माझे म्हणणे एवढेच की, ज्याने स्वतःला आईच्या उदरात नऊ महिने पूर्णपणे दुसऱ्याच्या स्वाधीन केले, त्याची उपासना करणाऱ्या माणसाला उदरातल्या कोणत्याही जिवाकडे 'अजून कोणी नाही' असे म्हणून पाहता येत नाही. आणि त्याच श्वासात हेही म्हणावे लागते की, त्या जिवाला जी स्त्री वाहून नेते तिला एकटे सोडण्याचा अधिकारही त्याला उरत नाही. इतरांची मते वाचायला आवडतील.

सीनाकाठ :

धाग्याबद्दल आभार. मी अहिल्यानगरकडच्या जुन्या मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट परंपरेत वाढलो. आमच्याकडे संतांचे सण नाहीत, ८ डिसेंबरही नाही, पण पवित्र शास्त्राचा आधार मात्र तोच आहे. स्तोत्र १३९ मध्ये स्तोत्रकर्ता देवाला म्हणतो की आईच्या उदरात तूच मला विणलेस आणि मी अजून आकारही घेतला नव्हता तेव्हा तुझ्या डोळ्यांनी मला पाहिले. यिर्मयाच्या पहिल्या अध्यायात उदरात घडवण्यापूर्वीच मी तुला जाणले होते असे देव सांगतो. ही वचने प्रार्थनेची आणि पाचारणाची आहेत, ती गर्भविज्ञानाचा धडा म्हणून वाचणे योग्य नाही, परंतु देव माणसाशी नाते जोडायला जन्माची वाट पाहत नाही, एवढे त्यांतून निश्चित निघते.

प्रॉटेस्टंट परंपरेत या विषयावर एकच आवाज नाही, हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २१व्या अध्यायावर लिहिताना सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याने उदरातल्या गर्भाला स्पष्टपणे मनुष्य म्हटले आहे, आणि माणसाला शेतात मारण्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या घरात मारणे जसे अधिक भयंकर, तसेच हे आहे असा दाखला दिला आहे. विसाव्या शतकात धर्मपंडित कार्ल बार्थ गर्भपाताला ठामपणे विरोध करतो, तरीही आईचा जीव आणि बाळाचा जीव समोरासमोर उभे राहतात अशा अगदी टोकाच्या प्रसंगासाठी तो जागा ठेवतो. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी १९७१ च्या ठरावात बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग आणि आईचे शारीरिक व मानसिक आरोग्य अशा कारणांसाठी गर्भपाताला कायद्याने मुभा असावी असे म्हटले होते. पुढे त्याच मंडळींनी ती भूमिका पूर्णपणे सोडून दिली. म्हणजे आज जी भूमिका कायमचीच वाटते, ती सर्वत्र तशी नव्हती.

मला स्वतःला जर्मन धर्मपंडित बोनहोफर सर्वांत जवळचा वाटतो. हिटलरच्या राजवटीत, अपंगांना 'जगण्यास अयोग्य' ठरवून मारले जात असताना, त्याने नीतिशास्त्रावर लिहिले. गर्भाचा जीव घेणे ही हत्याच आहे असे तो कोणतीही पळवाट न ठेवता म्हणतो. पण लगेच पुढे तो असेही म्हणतो की, जिथे एखादी स्त्री एकाकीपणामुळे किंवा दारिद्र्यामुळे हताश होऊन हे पाऊल उचलते, तिथे दोष पुष्कळदा तिच्यापेक्षा समाजाकडेच अधिक जातो. हे दुसरे वाक्य आपल्या व्यासपीठांवरून फारसे ऐकू येत नाही. पहिले वाक्य उच्चारणाऱ्या प्रत्येकावर दुसरे वाक्य उच्चारण्याचे बंधन आहे, असे माझे मत आहे.

तिठा :

मी ख्रिस्ती नाही, तरी धागा मनापासून वाचला आणि मला काही प्रश्न विचारावेसे वाटतात. पहिला प्रश्न असा की, गर्भसंभवाच्या क्षणापासून पूर्ण मनुष्य ही शिकवण चर्चमध्ये खरोखर सुरुवातीपासून होती का? मी वाचले आहे त्याप्रमाणे थॉमस अक्विनास हा तुमचा सर्वांत मोठा धर्मपंडित अ‍ॅरिस्टॉटलला अनुसरून गर्भात मानवी आत्मा काही आठवड्यांनंतर येतो असे मानत होता.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. तुम्ही मरियेच्या होकाराचा उल्लेख केला आहे. त्या कथेत देवसुद्धा त्या मुलीला विचारतो आणि तिच्या उत्तरासाठी थांबतो. मग जिला कोणी विचारलेच नाही, जिच्यावर गर्भ लादला गेला, तिच्या होकाराला काही किंमत नाही का? आणि ज्या देशाने तुमची शिकवण थेट राज्यघटनेत लिहिली होती, त्या आयर्लंडमध्ये २०१२ साली मूळच्या बेळगावच्या एका तरुण दंतवैद्य स्त्रीचा गॉलवे येथे मृत्यू झाला. सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते, तिने गर्भ काढण्याची विनंती केली होती, पण गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू आहेत म्हणून ती नाकारली गेली, आणि जंतुसंसर्गाने ती गेली. बेळगावातल्या त्या घरात तेव्हा काय वाटले असेल याचा विचार केला की मला आजही अस्वस्थ व्हायला होते. उदरातल्या जिवाच्या मोलाविषयी बोलताना या स्त्रीविषयी ख्रिस्ती माणसाचे म्हणणे काय आहे?

उत्तरवसई :

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. तुमचे म्हणणे बरोबर आहे. आत्मा केव्हा येतो याविषयी पश्चिमेकडच्या चर्चमध्ये शेकडो वर्षे मतभेद होते. ऑगस्टिनने आकार घेतलेला गर्भ आणि आकार न घेतलेला गर्भ असा भेद केला, अक्विनासने अ‍ॅरिस्टॉटलचे जीवशास्त्र स्वीकारले. रंजक गोष्ट अशी की, ख्रिस्ताच्या बाबतीत मात्र गर्भसंभवाच्या क्षणीच आत्मा होता असे अक्विनास मानतो, पण तो त्याला एकमेव अपवाद समजतो, तर मॅक्सिमस त्यालाच सर्व माणसांचा नियम समजतो. नाताळाचा अर्थ लावण्यात या दोघांत एवढे अंतर आहे, आणि मी मॅक्सिमसच्या बाजूचा आहे. ख्रिस्ताचे मनुष्यत्व आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने सुरू झाले असे म्हटले, की तो सर्व बाबतीत आपल्यासारखा झाला या विश्वासाला तिथेच थोडी खोट येते.

चर्चच्या कायद्यातही हा चढउतार दिसतो. १५८८ साली पाचव्या सिक्स्टस पोपने सर्वच गर्भपातांना सर्वांत कठोर शिक्षा लावली, १५९१ साली चौदाव्या ग्रेगरीने ती बरीच सौम्य केली, आणि १८६९ साली नवव्या पायसने आत्मा आलेला आणि आत्मा न आलेला गर्भ हा भेद शिक्षेपुरता काढून टाकला. पण या सगळ्या काळात एक गोष्ट बदलली नाही. आत्मा चाळीस दिवसांनी येतो असे मानणाऱ्यांनीही त्याआधीचा गर्भपात निर्दोष ठरवला नव्हता. तो कोणत्या प्रकारचे पाप आहे एवढाच वाद होता. पूर्वेकडे संत बेसिलने तर चौथ्या शतकातच हा भेद आपण करत नाही असे लिहून ठेवले होते. १९७४ च्या व्हॅटिकनच्या निवेदनानेही आत्म्याच्या क्षणाचा तात्त्विक प्रश्न मुद्दाम खुला ठेवला आणि म्हटले की, माणूस असण्याची शक्यता असेल तेवढीही त्याला मारण्याची जोखीम न घेण्यास पुरेशी आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली जीवनाच्या शुभवर्तमानावरील आपले परिपत्रक प्रसिद्ध केले, त्यात हीच मांडणी पुढे नेली आहे. त्या परिपत्रकावर तारीख घातली आहे ती २५ मार्च.

दुसऱ्या प्रश्नाविषयी. बाराव्या शतकातल्या क्लेअरव्हॉच्या बर्नार्डने आपल्या एका प्रवचनात असे चित्र उभे केले आहे की, आदाम, अब्राहाम, दावीद आणि सगळी सृष्टी मरियेच्या दाराशी तिच्या उत्तरासाठी तिष्ठत उभी आहे. देव सक्ती करत नाही, हे आमच्या श्रद्धेत फार खोलवर आहे, आणि जिच्यावर अत्याचार झाला तिच्यावर झालेला अन्याय आम्ही कोणत्याही शब्दांनी लहान करू शकत नाही. तरीही मला प्रामाणिकपणे सांगावे लागेल की, त्या अन्यायात तिसरा एक निरपराध जीव अस्तित्वात आलेला असतो आणि बापाच्या गुन्ह्याची किंमत त्याने द्यावी हे मला मान्य करता येत नाही. हे वाक्य लिहिणे सोपे आहे आणि ती वाट चालणे तिच्या वाट्याला येते, याची मला जाणीव आहे. म्हणूनच ते वाक्य उच्चारणाऱ्या समाजाने तिच्या निवाऱ्याची, औषधपाण्याची, मानाची आणि त्या मुलाच्या पुढच्या आयुष्याची जबाबदारी उचललेली नसेल, तर त्याचे बोलणे पोकळ आहे. गॉलवेविषयी एखाद्या जाणकाराने लिहावे.

वैद्यकी :

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि कॅथलिकही आहे, त्यामुळे गॉलवेविषयी मी लिहिते. कॅथलिक नीतिशास्त्रात थेट गर्भपात आणि आईवरच्या आवश्यक उपचाराचा गर्भावर होणारा अप्रत्यक्ष परिणाम यांत जुना आणि स्पष्ट भेद आहे. आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीची शस्त्रक्रिया किंवा उपचार करावा लागला आणि त्यातून गर्भ दगावला, तर तो उपचार नैतिक दृष्ट्या योग्य असू शकतो, असे बाराव्या पायस पोपनी १९५१ सालीच सांगितले होते. गर्भाशयाचा कर्करोग किंवा नळीत राहिलेला गर्भ ही याची नेहमी दिली जाणारी उदाहरणे आहेत. गर्भाशयात संसर्ग पसरू लागला असेल, तर त्या संसर्गाचे मूळ दूर करणे हा आईवरचा उपचार आहे. नंतरच्या चौकशीत संसर्ग वेळीच न ओळखल्याचे आणि देखरेखीतल्या हलगर्जीपणाचे दोषही पुढे आले. तरीसुद्धा कायद्याच्या धाकाने डॉक्टरांचा हात थांबला असेल, तर तो दोष लहान नाही. हृदयाचे ठोके मोजत बसून आईला हातची जाऊ देणे ही जीवनाची बाजू घेणे नव्हे. आयरिश जनतेने २०१८ साली सार्वमताने घटनेतले ते कलम काढून टाकले, त्यामागे या मृत्यूचे दुःख किती मोठे होते हे ख्रिस्ती लोकांनी विसरता कामा नये.

उलट बाजूने जिआन्ना बेरेत्ता मोल्ला यांचे नाव प्रवचनांत नेहमी येते. इटलीतल्या या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना चौथ्या मुलाच्या वेळी गरोदर असताना गर्भाशयात गाठ निघाली. गर्भाशयच काढून टाकण्याची वाट चर्चच्या शिकवणुकीनुसारही त्यांना मोकळी होती, पण त्यांनी फक्त गाठ काढून घेतली. १९६२ च्या एप्रिलमध्ये मुलगी जन्मली आणि आठवड्याभरात आई गेली. २००४ साली त्यांना संत घोषित केले गेले तेव्हा ती मुलगी तिथे हजर होती. मला या बाईंविषयी अपार आदर आहे. पण त्यांनी केले ते कर्तव्याच्या पलीकडचे होते, आणि कर्तव्याच्या पलीकडचे काम गरोदर बाईकडे मागायचा अधिकार नवऱ्याला, सासूला किंवा प्रवचनकाराला नाही, हे मी माझ्या रुग्णांच्या घरच्यांना वारंवार सांगते.

आपल्याकडचा कायदा १९७१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, काही ठरावीक परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो. त्यावर मतभेद आहेत आणि राहतील. पण महाराष्ट्रात न जन्मलेल्या जिवावरचे सर्वांत मोठे संकट मी पाहिले ते गर्भलिंगनिदानाचे. याविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्याच राज्याने १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४ साली आला, आणि तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली उरल्या होत्या; दहा वर्षांपूर्वी तिथे ८९४ होत्या. ज्या बायकांनी हे गर्भपात करून घेतले त्यांतल्या कितीतरी जणींना निवड अशी नव्हतीच. या एका प्रश्नावर स्त्रीमुक्तीवाले कार्यकर्ते आणि चर्च एकाच बाजूला उभे राहतात, आणि तिथे आपण अधिक मोठ्या आवाजात बोलायला हवे होते असे मला वाटते.

निळी_शाई :

हा धागा वाचताना बराच वेळ लिहावे की नाही याचा विचार करत होते. आमचे पहिले बाळ पाचव्या महिन्यात गेले. ते दिवस आगमनकाळाचेच होते. रुग्णालयाच्या कागदावर त्याची नोंद फक्त 'गर्भपात' अशी झाली, आणि ते कुठे नेले हे आम्हाला कोणी सांगितले नाही. दारावर चांदणी लागलेली होती, ती माझ्या नवऱ्याने न बोलता उतरवून ठेवली. भेटायला येणारी माणसे म्हणत होती की अजून वय आहे, दुसरे होईल. चर्चमध्ये जीवनाच्या मोलावर मी कितीतरी प्रवचने ऐकली आहेत, पण आमच्या बाळासाठी एकही प्रार्थना म्हटली गेली नाही. ते बाळ खरोखर माणूस होते असे चर्च मानते, तर त्याचा शोक करायला चर्चने यायला नको होते का? आणि बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून ते कुठे गेले, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळत होता. माझी आजी 'लिंबो' म्हणायची. तो शब्द मला आजही नको वाटतो.

उत्तरवसई :

निळी_शाई, तुम्ही लिहिलेत याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. तुमच्या बाळासाठी या नाताळाच्या मिस्सेत मी प्रार्थना करणार आहे.

लिंबोविषयी : बाप्तिस्म्याविना गेलेली बाळे स्वर्गाबाहेरच्या एका वेगळ्या जागी राहतात, ही कल्पना धर्मपंडितांची होती, विश्वासाचे बंधनकारक तत्त्व ती कधीच नव्हती. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र मंडळाने बाप्तिस्म्याविना मरण पावलेल्या बालकांवर एक सविस्तर दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि त्यांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम कारणे आहेत असे सांगितले. त्याआधीच कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवले आहे आणि बालकांना माझ्याकडे येऊ द्या या येशूच्या शब्दांची आठवण दिली आहे. शिवाय चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेतील ११८३ व्या कलमाप्रमाणे, आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा मानस होता अशा बाळाचा अंत्यविधी बिशपांच्या परवानगीने चर्चमध्ये करता येतो. हे बहुतेक कुटुंबांना माहीतच नसते, कारण कोणी सांगत नाही. हे सांगण्याचे काम धर्मगुरूंचे आणि आम्हा सर्वांचे आहे, आणि ते झाले नाही याचे उत्तर तुम्हाला मिळायला हवे होते. उदरातल्या जिवाच्या मोलावर बोलणारा चर्च त्याच्या मृत्यूच्या दिवशी गप्प बसत असेल, तर त्याच्या बोलण्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा?

सीनाकाठ :

याच मुद्द्याला जोडून योसेफाविषयी लिहितो. मत्तयाच्या शुभवर्तमानात नाताळाची कथा सुरू होते तीच एका संकटात सापडलेल्या गरोदर मुलीपासून. मागणी झालेली आहे, लग्न होऊन घरी आलेली नाही, आणि पोटात मूल आहे. नियमशास्त्राप्रमाणे तिला दगडमार होऊ शकला असता. योसेफ भला माणूस असल्याने तिची बेअब्रू न करता गुपचूप सोडून देण्याचे ठरवतो, आणि देवदूताने सांगितल्यावर तिला आपल्या घरी आणतो. जगाच्या नजरेत ते मूल त्याचे नाही हे ठाऊक असून तो त्याला नाव देतो. उदरातल्या जिवाचे मोल मान्य करणे म्हणजे काय, याचे उत्तर मला योसेफाच्या त्या निर्णयात दिसते.

आपल्या मातीत हे काम कोणी केले याचीही आठवण ठेवायला हवी. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. लबाडीला किंवा बळजबरीला बळी पडून गरोदर राहिलेल्या विधवेने तिथे यावे, सुरक्षित बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे नाहीतर ठेवून जावे, अशी ती सोय होती. अशाच एका विधवेच्या यशवंत या मुलाला त्यांनी दत्तक घेतले. फुले ख्रिस्ती नव्हते, पण जे ख्रिस्ती म्हणवतात त्यांनी हे काम शिकावे असे आहे. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात, आणि तिथल्याच कृपासदनात, जिला समाजाने 'पतित' ठरवले अशा स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांना घर दिले. १८८३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या विदुषीची ख्रिस्तभक्ती मी तिच्या लेखनापेक्षा त्या घरांत अधिक पाहतो.

तिठा :

सर्वांनी सविस्तर उत्तरे दिलीत याबद्दल आभार. वैद्यकी यांच्या प्रतिसादाने गॉलवेविषयीचे माझे म्हणणे कोणी टाळले नाही याचे समाधान वाटले. होकाराच्या प्रश्नावर आपले एकमत झालेले नाही आणि होईल असे मला वाटत नाही; कायद्याने एखाद्या स्त्रीला भाग पाडावे हे मला अजूनही मान्य नाही. पण एक शेवटचा प्रश्न विचारतो. समजा एखाद्या स्त्रीने गर्भपात केला आहे, कारण काहीही असो, आणि ती या नाताळात तुमच्या चर्चच्या दारात आली. तिला आत जागा आहे का?

उत्तरवसई :

आहे, आणि ती माझ्या मर्जीची गोष्ट नाही. दुसऱ्या जॉन पॉल यांनी त्याच १९९५ च्या परिपत्रकात गर्भपात केलेल्या स्त्रियांना उद्देशून थेट लिहिले आहे : तुमच्या निर्णयामागे किती गोष्टी असतील आणि तो किती वेदनादायक असेल याची चर्चला जाणीव आहे, खचून जाऊ नका, आशा सोडू नका. पूर्वी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार पुष्कळ ठिकाणी बिशपांकडे राखून ठेवलेला असे. फ्रान्सिस पोपनी २०१६ साली तो जगातल्या प्रत्येक धर्मगुरूला कायमचा दिला. त्यामुळे तिला आता कोणाच्या परवानगीसाठी दारोदार जावे लागत नाही. कबुलीजबाब ऐकायला बसलेल्या कोणत्याही फादरांकडे ती जाऊ शकते.

आपल्याकडे पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी जाते. लूकच्या कथेत एलिझाबेथचे घर हे मरियेसाठी तसेच माहेर ठरले; ती तिथे सुमारे तीन महिने राहिली, आणि एलिझाबेथने तिला लग्नाआधीच्या गरोदरपणाविषयी एकही प्रश्न विचारल्याचे शुभवर्तमानात नाही. आमच्या धर्मग्रामात २८ डिसेंबरला, हेरोद राजाने मारलेल्या निष्पाप बालकांच्या सणाला, न जन्मलेल्या बाळांसाठी मिस्सा होते. यंदा तिच्या विनंत्यांमध्ये गर्भातच बाळ गमावलेल्या आयांसाठी एक, गर्भपात केलेल्या स्त्रियांसाठी एक, आणि दवाखान्यात आपल्या मृत बाळाचा देह मागायचा असतो हे ज्यांना कोणी सांगत नाही त्या आईवडिलांसाठी एक, अशा तीन विनंत्या घालाव्यात असे मी फादरांना सुचवले आणि त्यांनी होकार दिला आहे. निळी_शाई, तुमची हरकत नसेल तर पहिली विनंती तुम्ही लिहून पाठवा. मी ती जशीच्या तशी वाचीन.

निळी_शाई :

लिहून पाठवते. त्यात बाळाचे नावही घालणार आहे. आम्ही ते तेव्हाच ठरवले होते, फक्त आजवर कोणी विचारले नव्हते.